एक वार, दोन वार

खुशीनं बॅग जिन्याच्या पहिल्या पायरीवरच टाकली आणि पाणीसुद्धा न पिता ती वरच्या मजल्यावर धावली. अकोल्याहून अमरावतीपर्यंत एसटीच्या खिडकीतून मे महिन्याचं ऊन खात आल्यामुळं तिचे कान अजून गरम होते. पण दिवाळीपासून तिनं मनात एकच गोष्ट धरून ठेवली होती. राजापेठेतल्या मामाच्या घरी पोचायचं, खिडकीजवळचा लॅपटॉप उघडायचा आणि ‘आबा’ नावाच्या फोल्डरवर दोनदा टिचकी मारायची.

तिनं टिचकी मारली. लॅपटॉप बराच वेळ विचार करत बसला आणि मग त्यानं इंग्रजीत लांबलचक काहीतरी सांगितलं. त्याचा अर्थ एवढाच, की असं काही सापडत नाही. तिनं पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तेच.

“अवं, आधी हातपाय त धू,” रागिणीमामी पाण्याचा गडवा घेऊन वर आली. “आली तशी मशिनीपाशी बसली.”

“मामी, आबांचा फोल्डर उघडत नाही.”

मामीनं गडवा टेबलावर ठेवला. तिचा चेहरा जरा उतरला. “मामाले विचार,” एवढंच म्हणून ती खाली गेली.

खुशालराव म्हणजे खुशीचे आबा, तिच्या आईचे वडील. चाळीस वर्षं त्यांनी फूलबाजारात लिलाव पुकारला होता. पहाटे शेतकऱ्यांच्या टोपल्या आल्या की आबा ओट्यावर उभे राहायचे. “निशिगंध एक वार, निशिगंध दोन वार...” त्यांचा आवाज बाजाराच्या पार टोकाच्या चहावाल्यापर्यंत जायचा. ‘तीन वार’ म्हटलं की सौदा पक्का आणि टोपली घेणाऱ्याची. खुशी सुट्टीला आली की ते घराच्या फाटकातच उभे राहून तसंच पुकारायचे, “खुशी एक वार! खुशी दोन वार!” आणि तिसऱ्यांदा तोंड उघडून तसेच थांबायचे. “तीन म्हणा ना आबा,” असं तिनं कितीदा म्हटलं, तरी ते म्हणत नसत.

मागच्या पावसाळ्यात आबांच्या घशात वाईट आजार निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल. ऑपरेशनच्या आधीचे दोन दिवस सगळं घर आबांभोवती बसून होतं. आबांनी गोष्टी सांगितल्या, बाजारातल्या गमती सांगितल्या, घरातल्या प्रत्येकाला नावानं हाक मारली आणि श्याममामानं ते सारं मोबाईलवर टिपून दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये भरलं. त्या फोल्डरला घरातल्या सगळ्यांसाठी वाट करून दिली होती. वरच्या लॅपटॉपवरून उघडा, नाहीतर फोनवरून. घरात बसून कुणीही ऐकावं.

दिवाळीत खुशीची आई आरती म्हणालीही होती, “श्याम, मले अकोल्याले न्यायले एक कॉपी दे.” त्यावर मामा दुखावल्यासारखा झाला. “कॉपी काहाले पाहिजे, ताई? हे घर तुझं नाही का? या, बसा, ऐका.” झालं, विषय संपला. अकोल्याच्या घरात मग सहा-सात महिने आबांचा आवाज नव्हता. खुशी कधीकधी अभ्यास करता करता डोळे मिटून तो आठवायचा प्रयत्न करायची. गेल्या महिन्यात एकदा तिला तो आठवलाच नाही. शब्द आठवले, आवाज आठवला नाही. त्या दिवशी ती न जेवता झोपली होती.

आज फाटकात आबा उभे होते. गळ्याला पांढरा मऊ रुमाल, हातात पाटी. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाटीवर लिहिलं, ‘बसमधी जागा भेटली?’ खुशीनं मान हलवली होती आणि त्यांच्याकडे न बघता आत पळाली होती. आता तिला त्याचं वाईट वाटलं.

श्याममामाचं हार-फुलांचं दुकान घराच्या खालीच होतं. मामा लग्नाचा हार गुंफत होता.

“गेलं ते बाई,” तो सुईवरची नजर न काढता म्हणाला. “वायरसनं खाल्लं.”

मामाच्या मते सगळी यंत्रं वायरसनंच बिघडायची. मागच्या वर्षी मिक्सर जळाला तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

“सगळं?”

“उघडतच नाही त काय समजाचं? महिना झाला. अन् त्या जुन्या कॉम्प्युटरले स्क्रीनही नाही. जुना स्क्रीन फुटला, नव्याची पिन त्याले बसत नाही. शनिवारी तो जुन्या मशिनीवाला देवमन येऊन राहिला. डबा नेते अन् दुकानाले एक स्पीकर देते.” मग मामानं आवाज खाली आणला. “आबाले सांगू नको बरं. त्याइले मालूम नाही. उगाच जिवाले लागन.”

खुशीनं मनात दिवस मोजले. आज गुरुवार होता.

*

दुकानामागच्या थंड खोलीत झेंडूच्या टोपल्यांमध्ये बसून तिघांची सभा भरली. खुशी बारा वर्षांची, मामाचा योगेश तेरा वर्षांचा आणि त्याची बहीण आकांक्षा दहाची. आकांक्षाला सभेत घ्यायचं की नाही यावर योगेशनं शंका काढली, तेव्हा ती दारातच आडवी बसली, म्हणून तिला घ्यावं लागलं.

“मी शाळेच्या लॅबमध्ये मॉनिटर आहे,” योगेश ऐटीत म्हणाला. “वायरस एवढा बारीक फोल्डर निवडून खात नाही.”

“मग गेला कुठं?” खुशीनं विचारलं.

“अन् मेलेल्या डब्याचा दिवा कावून लागते?” आकांक्षा वर बोट दाखवत म्हणाली.

दोघांनी माना वर केल्या. भिंतीतल्या फळीवर, रिकाम्या फुलपुड्यांच्या मागे जुना कॉम्प्युटर उभा होता. त्याच्या तोंडावर हिरवा दिवा शांतपणे जळत होता. योगेश शिडी लावून चढला. त्यानं मागच्या जाळीजवळ हात धरला.

“गरम हवा येऊन राहिली,” तो म्हणाला. “पंखा फिरते. वायर नव्या वायफायच्या डब्यात बरोबर खोचलेली आहे. हा जिवंत आहे पोरीहो.”

“मग तो आपल्याला ओ का देत नाही?” खुशी म्हणाली.

“हाक मारून पाहू,” योगेश म्हणाला. वर येऊन त्यानं लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडली. “याले पिंग म्हणतात. आपण त्याचं नाव घेऊन हाक मारतो. तो असला तर उलटून ओ देते.”

त्यानं नाव टाइप केलं. चार वेळा हाक गेली, चारही वेळा उत्तर नाही. डब्यामागे मामानं कधीकाळी चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा नंबर घालून पाहिला. तरी नाही. लॅपटॉपवर बाकी सगळं धडधडीत चालू होतं. गाणी वाजत होती, क्रिकेटचा स्कोअर दिसत होता.

“नेट त मस्त आहे,” योगेश डोकं खाजवत म्हणाला. “साऱ्या जगाचं दिसते, अन् खालच्या खोलीतलं दिसत नाही.”

खुशी त्या काळ्या खिडकीकडे बघत राहिली. खाली कुणीतरी जिवंत आहे, आपण हाका मारतोय आणि दोघांमध्ये काहीतरी आडवं आलंय. तिला एकदम फाटकातले आबा आठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी पुढच्या खोलीतल्या ट्यूशनच्या मुलांसाठी प्रश्नपत्रिका काढत होती. ती पेनड्राईव्ह घेऊन तिसऱ्यांदा प्रिंटरकडे गेली, तेव्हा खुशीनं विचारलं, “मामी, तू फोनवरूनच छापायचीस ना?”

“छापत होती. आता फोनले प्रिंटरच दिसत नाही. खेटे घालू घालू पाय दुखले माये.”

“कधीपासून?”

“अखजीपासून. नवा वायफाय त्याच दिवशी बसवला ना तुह्या मामानं. चांगला मुहूर्त म्हणून.”

खुशीनं योगेशकडे पाहिलं. योगेशनं आकांक्षाकडे पाहिलं. अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन महिना झाला होता. मामाच्या म्हणण्याप्रमाणे फोल्डरही महिन्याभरापूर्वीच ‘खाल्ला’ गेला होता.

“दोन्ही एकाच दिवशी गेले,” खुशी म्हणाली. “म्हणजे डबा बिघडला नाही आणि प्रिंटरही नाही. दोघांकडे जायची वाट एकच होती, तीच बंद झाली.”

“पण कोणी बंद केली?” आकांक्षानं विचारलं.

*

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास राजापेठेतला रस्ताही झोपला होता. मामी कूलरपुढे पडली होती. मामा दुकानाचं शटर अर्धं ओढून पेंगत होता. आकांक्षा एकटीच मागच्या खोलीत डब्यावर पहारा देत होती. ही कामगिरी योगेशनं तिला कटकट टाळायला दिली होती, पण तीच वर धापा टाकत आली.

“चला लवकर. लाल दिवा लुकलुकून राहिला!”

तिघं खाली धावले. हिरव्या दिव्याच्या खाली एक बारका लाल दिवा भराभर मिचमिचत होता.

“लाल दिवा म्हणजे आतून कोणीतरी काहीतरी काढून राहिलं,” योगेश कुजबुजला. “लॅपटॉप तर बंद आहे. आईचा फोन तिच्या उशाशी.”

“म्हणजे घरात कुणालातरी फोल्डर दिसतो,” खुशी म्हणाली. “कुणाला?”

आता घरात जागं असं एकच माणूस उरलं होतं.

आबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. खुशीनं ते हळूच ढकललं. आबा पलंगावर पाठमोरे बसले होते. कानात इअरफोन, मांडीवर त्यांची टॅब. दुसऱ्या हाताची बोटं पलंगाच्या लाकडी कडेवर सावकाश आपटत होती. एक. दोन. मग बोटं वरच थांबत. थोड्या वेळानं पुन्हा, एक, दोन.

ते स्वतःचा आवाज ऐकत होते.

खुशीला पुढं पाऊल टाकवेना. तिला वाटलं होतं, आबांच्या आवाजाची आठवण आपल्या एकटीलाच येते. ज्याचा आवाज गेला त्यालाही ती येत असेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ती पलंगावर त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आबा दचकले, मग ओशाळल्यासारखं हसले आणि त्यांनी एक इअरफोन काढून तिच्या कानात घातला.

“...मंग त्या पोट्ट्यानं गुलाबाच्या टोपल्यात पाय देल्ला अन्...”

तोच. जाड, जरासा खरखरीत, हसू दाबून बोलणारा. खुशीनं ओठ घट्ट मिटले, तरी डोळे भरून आलेच.

धूसर दिसत असतानाच टॅबच्या कोपऱ्यात तिला वायफायचं चिन्ह दिसलं. तिनं बोटानं ओढून नाव पाहिलं. ‘घर’.

“योगेश,” ती हळूच म्हणाली, “लॅपटॉपवर वायफायचं नाव काय आहे?”

“पाहुणे,” दारातून योगेश म्हणाला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. “अरे! एकाच वायफायच्या दोन लायनी आहेत. पाहुण्याच्या लायनीवरून बाहेरचं जग दिसते, पण घरातलं काही दिसत नाही. कोणी परका आपले फोल्डर पाहू नये म्हणून तसंच असते ते. आपण सगळे पाहुण्याच्या लायनीवर आहो!”

तेवढ्यात खुशीच्या कानातला आवाज मध्येच तुटला. आबांनी टॅब हलवून पाहिली. काही नाही.

“खाली कोणीतरी आलं,” खिडकीतून वाकलेली आकांक्षा ओरडली. “देवमनकाकाची गाडी!”

*

देवमन शनिवारी येणार होता, पण त्याला शनिवारी बडनेऱ्याला लग्न होतं, म्हणून तो आजच उगवला होता. तिघं पोचले तोवर त्यानं वायरी काढून डबा काखेत मारलाही होता.

“काका, तो खाली ठेवा!” खुशी शिडीच्या पायथ्याशीच उभी राहिली. “त्यात आबांचा आवाज आहे.”

“अवं पोरी, तो गेला म्हणून सांगतलं ना,” मामा डोळे चोळत आला.

“गेला नाही, मामा. आत्ता मी ऐकला. आम्हाला फक्त पाच मिनिटं द्या. नाही सापडला तर मी स्वतः उचलून गाडीत ठेवीन.”

देवमननं मामाकडे पाहिलं. मामानं खुशीच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि हात हलवला. डबा परत फळीवर चढला, वायरी खोचल्या गेल्या, हिरवा दिवा लागला. योगेश लॅपटॉप घेऊन आला. त्यानं ‘पाहुणे’ काढून ‘घर’ निवडलं. पासवर्ड मागितला गेला.

“मामा, ‘घर’चा पासवर्ड?” खुशीनं विचारलं.

मामानं कान खाजवला. “तो कोणाच्या ध्यानात राहते? त्या वायफायवाल्यानं चिठ्ठी देल्ली होती. कुठं गेली काय मालूम. मी त सगळ्याइले पाहुण्याचाच देल्ला. ट्यूशनच्या पोट्ट्याइले, तुह्या मामीले, मलेही.”

“पण मामा, पाहुण्याचा का?”

“कावून म्हणजे? आपण पाहुण्याले हलकं देतो का कधी? नवी चादर पाहुण्याले, नवा कूलर पाहुण्याले. मले वाटलं, त्यानं पाहुण्याइसाठी वेगळी लाईन ठेवली त तेच भारी असन. म्हटलं, घरच्याइनंही तेच वापरावं.”

देवमन हसायला लागला. “श्यामभाऊ, महिनाभर तुमी आपल्याच घरात पाहुणे होऊन बसले!”

एवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. आबा एकेक पायरी उतरत खाली येत होते. तुटलेला आवाज आणि दाराशी आलेली देवमनची गाडी, यावरून त्यांनी काय ते ओळखलं असावं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. खुशीनं धावत जाऊन त्यांचा हात धरला.

“आबा, ‘घर’चा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे?”

आबांनी पाटी घेतली. ‘वायफाय लावाले आला तो पोरगा म्हणे सांगा कायतरी. मीच सांगतला,’ त्यांनी लिहिलं आणि खाली इंग्रजी अक्षरं एकेक काढली. ekvardonvar.

एक वार, दोन वार.

योगेशनं ती अक्षरं दाबली. खुशीनं काळी खिडकी उघडून हाक मारली. पहिल्याच हाकेला ओ आली. तिनं फोल्डर उघडला. गोष्टी, गमती, नावांच्या फायली, सगळं जागच्या जागी होतं. त्यातली ‘खुशी’ नावाची सगळ्यात छोटी फाईल तिनं दाबली.

“खुशी एक वार!” दुकानभर आवाज घुमला. हारांत गुंफलेली फुलंसुद्धा ऐकतायत असं वाटलं. “खुशी दोन वार!” मग मागून खुशीचाच बारीक आवाज आला, “तीन म्हणा ना आबा.” आणि आबा हसत म्हणाले, “तीन म्हटलं का माल गेला. हे पोट्टी इकाची नाही.”

गडबड ऐकून आलेल्या मामीनं पदर डोळ्यांना लावला. आबांनी पाटी पुसली आणि बराच वेळ लावून लिहिलं. ‘महिन्यापासून कोणी लावत नाही. मले वाटलं, तुमाले आता नको झाला.’

मामा झेंडूच्या टोपलीच्या काठावरच बसला. “आबा, आमाले वाटलं गेला. तुमाले सांगाचं कसं म्हणून गप्प रायलो. एकदा पाटी घेऊन तुमाले विचारलं असतं त...”

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी तिन्ही मुलांना जवळ ओढलं, आकांक्षाला सगळ्यात आधी, आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘हुशार माल.’

“हे पोट्टे माह्या दुकानात पाहिजेत,” देवमन म्हणाला. “मीही डबा उचलताना दिव्याकडे पाहिलं नाही.” तो रिकाम्या हातानं गेला. स्पीकर मात्र त्यानं ठेवून दिला आणि म्हणाला, याच्यावर आबाले ऐकत जा. मामीनं त्याच संध्याकाळी पलंगावर बसून फोनवरून चाळीस प्रश्नपत्रिका छापल्या आणि योगेशला दोनदा शाबासकी दिली. मामानं कुणी न सांगता नवा पेनड्राईव्ह आणला.

“ताईले ने,” तो खुशीला म्हणाला. “घर तिचंच आहे, पण आवाज तिच्याही घरी असू दे.”

सुट्टी संपली. खुशी रोज दुपारी तीनला आबांच्या शेजारी बसून ऐकायची, एक इअरफोन त्यांना, एक तिला. तरी निघायच्या दिवशी तिला जडच वाटत होतं. पेनड्राईव्हमध्ये आबांच्या सगळ्या गोष्टी होत्या, पण त्यात आता नवी गोष्ट कधीच येणार नव्हती. ते तिला कळत होतं आणि ते कुठल्याच वायरीनं जुळणारं नव्हतं.

ऑटो फाटकासमोर उभा राहिला. खुशी बॅग घेऊन बसली. आबा फाटकाला धरून उभे होते. पाटी त्यांनी आज आणलीच नव्हती. ऑटो सुरू झाला, तेव्हा त्यांनी बोटातली अंगठी फाटकाच्या लोखंडी गजावर मारली.

टण.

खुशीनं मागे वळून पाहिलं.

टण.

मग त्यांनी हात वर उचलला आणि तो तसाच वर राहिला. ऑटो राजापेठेच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत खुशी मान बाहेर काढून बघत होती. तिसरा ठोका त्यांनी दिला नाही.